मुक्काम कुठे करावा?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तहो, मार्गशीर्ष जवळ आला की आपल्या घराघरांत एक बोलणे सुरू होते. ‘यंदा वाडी-गाणगापूर करायचंच.’ पूर्वी हे बोलणे एस.टी.च्या वेळापत्रकापाशी येऊन अडायचे. आता दारात गाडी आहे आणि मुलाच्या हातात मोबाईल आहे. तो नकाशावर बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘बाबा, औदुंबर, वाडी, गाणगापूर, कुरवपूर, माणिकनगर, अक्कलकोट, सगळं चार दिवसांत बसतंय. मला पाचव्या दिवशी ऑफिस आहे.’ बाबांना आनंद होतो. आयुष्यभर एकेक करत राहून गेलेली ठिकाणे एका फेरीत होणार. आई मात्र काही बोलत नाही. तिला गुडघ्यांची काळजी असते, आणि आणखीही एक काळजी असते, तिच्याबद्दल पुढे बोलू.

आधी हे पाहू की आपले दैवतच मुळी फिरते आहे. दत्तात्रेय कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा करतात, ही परंपरा आपल्याला पाठ आहे. श्रीपाद श्रीवल्लभ पिठापुरात जन्मले, काशी-बदरीकडे गेले, गोकर्णाला तीन वर्षे राहिले, श्रीशैलावर गेले आणि मग कुरवपुरी स्थिर झाले. नृसिंहसरस्वतींचा जन्म विदर्भातल्या कारंज्याचा, संन्यास काशीचा, कार्य कृष्णा-भीमेच्या काठी आणि शेवटचे प्रस्थान श्रीशैलाकडे. टेंबे स्वामी महाराज तर 1914 साली गरुडेश्वरी देह ठेवीपर्यंत पायीच हिंडले. त्यांचे 23 चातुर्मास निरनिराळ्या क्षेत्री झाले. तेव्हा कुणी म्हणाले की ‘घरी बसून नाम घ्या, कशाला गाडीतून हिंडता,’ तर ते आपल्या संप्रदायाला धरून नाही.

गुरुचरित्राचा पंधरावा अध्याय आठवा. श्रीगुरूंनी आपल्या शिष्यांना यात्रेला पाठवले, आणि नुसते ‘जा’ म्हणून पाठवले नाही. कोणती नदी, कोणता संगम, कुठे काय विधी, हे सगळे सांगितले. पावसाच्या आरंभी नद्यांना नवे पाणी येते, तेव्हा किती दिवस स्नान टाळावे, इथपर्यंत सांगितले. हा अध्याय पारायणात आपण भराभरा वाचतो, कारण त्यात नद्यांची नावेच नावे. मला विचाराल तर यात्रेला निघण्याच्या आधी हाच अध्याय सावकाश वाचावा. यात्रेचा आराखडा करणे हा निव्वळ व्यवहार नाही, गुरूंनी तो स्वतः करून दिलेला आहे.

पण आणखी एक गोष्ट त्याच चरित्रात आहे. शिष्यांना पाठवून श्रीगुरू स्वतः परळी वैजनाथाला एक वर्ष गुप्तपणे राहिले. मग औदुंबरी एक चातुर्मास. वाडीला 12 वर्षे. गाणगापुरी जवळजवळ दोन तपे. जिथे गेले तिथे मुक्काम केला, आणि ज्या गोष्टी आपण वाचतो त्या सगळ्या मुक्कामात घडलेल्या आहेत. औदुंबरला काय झाले पाहा. करवीरचा एक मंदबुद्धीचा ब्राह्मणकुमार पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीपाशी धरणे धरून बसला, निराशेने त्याने जीभ कापून वाहिली, तेव्हा देवीने त्याला नदीपलीकडे श्रीगुरूंकडे पाठवले. गुरू त्या काठी बसलेले होते म्हणून तो नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचला. आणि आपण औदुंबरला किती वेळ थांबतो? गाडी लावायला दहा मिनिटे, दर्शनाला वीस, चहाला पंधरा. पलीकडे भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरी आहे, तिकडे जायला वेळ ‘बसत’ नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, लांबच्या दत्तयात्रेची आखणी किलोमीटरवर करू नये, तिथल्या उपासनेच्या वेळांवर करावी. किती स्थाने झाली यापेक्षा किती रात्री तिथे काढल्या ते मोजावे.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही, प्रत्येक क्षेत्राला स्वतःचा दिवस आहे. वाडीला पहाटेची काकड आरती, दुपारची महापूजा आणि रात्रीची पालखी यांतले काही पाहायचे तर तिथे झोपायला हवे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पहाटे जो गारवा असतो आणि घाटाच्या पायऱ्यांवर मंडळी ओलेत्याने प्रदक्षिणा घालत असतात, ते अकरा वाजता पोहोचणाऱ्याला दिसत नाही. गाणगापूरचा दिवस तर दुपारभोवती फिरतो. महाराज माध्यान्ही कुठल्याही रूपात भिक्षेला येतात ही तिथली श्रद्धा. म्हणून दुपारी माणसे झोळी घेऊन माधुकरी मागतात, आणि मोठमोठ्या घरची माणसे आनंदाने अन्न वाढतात. ज्याने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, अशा निवृत्त अधिकाऱ्याला तिथे पाच घरी ‘भिक्षा’ मागताना मी पाहिले आहे. पहिल्या दारी त्यांचा आवाजच फुटेना, तिसऱ्या दारी फुटला. ज्यांची गाडी दुपारी तीनला गाणगापुरात शिरते आणि पाचला निघते, त्यांना निर्गुण पादुकांचे दर्शन होते, पण हे होत नाही.

आता आईची दुसरी काळजी. हे प्रवचनात बोलू की नको असा प्रश्न काहींना पडेल, पण बोलले पाहिजे. लांबच्या प्रवासात आपल्या घरातल्या वयस्क बायका पाणी पीत नाहीत. सकाळी अर्धा कप चहा घेतात आणि मग दिवसभर ‘मला तहान नाही’ म्हणतात. कारण वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसतो, आणि मुलाला किंवा जावयाला पुनःपुन्हा गाडी थांबवायला सांगायचा संकोच वाटतो. त्यात कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या. संध्याकाळी डोके दुखते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो ‘तिला प्रवास सोसत नाही.’ प्रवास सोसेल हो, तहान सोसत नाही.

दत्तजन्माची कथा कशी आहे? तीन देव अतिथी होऊन आले आणि अनसूयेने त्यांचे आतिथ्य केले. त्या आतिथ्यातून आपले दैवत घरात आले. त्या अनसूयेच्या मुलाच्या दर्शनाला निघताना आपल्या गाडीतल्या मागच्या सीटवरची अनसूया तहानलेली राहावी, हे काय आतिथ्य झाले? म्हणून आराखड्यात पहिली ओळ ही लिहा: दर दोन तासांनी थांबायचे. ती सांगेल तेव्हा नव्हे, न सांगता. महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप, बरी उपाहारगृहे आधीच हेरून ठेवायची. आणि पुरुषांनी ‘आत्ताच तर थांबलो होतो’ हे वाक्य घरी ठेवून निघायचे. हाही एक नेमच आहे, सोवळ्याओवळ्यापेक्षा सोपा.

आता प्रत्यक्ष वाटेचे बोलू. पुण्याकडून निघणाऱ्यांचे उदाहरण घेतो. मुंबई-नाशिककरांनी एक दिवस वाढवावा, विदर्भातल्या मंडळींची वाट निराळी, त्यांना कारंजा आणि माहूर उंबऱ्याशीच आहेत.

पहिल्या दिवशी सातारा-कराडवरून औदुंबर. अंतर 200 किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोहोचता. तिथे दुपार काढायची, कृष्णाकाठी बसायचे, भुवनेश्वरीला जाऊन यायचे, आणि उजेड असताना वाडी गाठायची. उजेडाचा आग्रह एवढ्यासाठी की मार्गशीर्षात सांगली-कोल्हापूरकडे उसाचा हंगाम भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, कधी बैलगाड्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याने झाकलेला. अंधारात त्या रस्त्याला गाडी घालू नये. ‘महाराज सांभाळतील’ हे खरे, पण महाराजांनी आपल्याला डोळे आणि घड्याळही दिलेले आहे.

वाडीला दोन रात्री. मधल्या दिवशी वाटले तर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन यावे, अंतर फार नाही. नाही वाटले तर वाडीतच राहावे. बासुंदी खावी, कवठाची बर्फी घ्यावी, दत्तमहाराजांना गोडाचे वावडे नाही. देवळापुढे उभे राहून पुराच्या पाण्याची कल्पना करावी. पावसाळ्यात कृष्णा गाभाऱ्यापर्यंत चढते, पाणी उत्तर दरवाजाने शिरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. नदीच यात्रेला येते.

तिसरा दिवस लांबचा, वाडी ते गाणगापूर, विजापूरवरून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. इथे महाराष्ट्राची हद्द संपते. स्वतःची खासगी गाडी असेल तर कागदपत्रे, म्हणजे आर.सी., विमा, पी.यू.सी. आणि चालवणाऱ्याचा परवाना जवळ ठेवले की झाले. भाड्याची गाडी करणार असाल तर तिला परराज्यात जाण्याचा टुरिस्ट परमिट आहे ना, हे ठरवतानाच विचारावे, सीमेवर नव्हे. दुपारच्या जेवणाला विजापूर घ्यावे. गोलघुमट मुलांना दाखवावाच, पण आपल्या मंडळींसाठी खरी थांबायची जागा म्हणजे आर्किल्ल्यालगतचे नृसिंहाचे देऊळ. दुसरा इब्राहिम आदिलशहा दत्तभक्त झाल्याची कथा तिथे सांगतात. विजापुरातून जाणाऱ्या शंभरातल्या नव्वद गाड्या या देवळाजवळून न थांबता जातात.

गाणगापूरला पुन्हा दोन रात्री. पूर्ण दिवस हातात असला की सकाळी भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, संगमावरच्या औदुंबराखाली पाठ, दुपारी माधुकरी आणि संध्याकाळी मठात दर्शन, असा दिवस आपोआप लागतो. ज्यांना फार चालवत नाही त्यांनी अष्टतीर्थांचा हट्ट धरू नये. त्या अध्यायात श्रीगुरूंनी भक्तांना काय सांगितले? त्रिस्थळी यात्रेला दूर जाण्याची तयारी नको, इथेच सगळे आहे. म्हणजे पंधराव्या अध्यायात देशभरची तीर्थे सांगणारे गुरू पुढे एका गावातच सगळी तीर्थे दाखवतात. ज्याला जसे झेपेल तसे, असा त्याचा अर्थ मी घेतो. रांगेत उभे राहवत नसेल तर पौर्णिमा, गुरुवार आणि सुट्टीचे दिवस टाळा. खुद्द दत्तजयंतीला वाडी-गाणगापूरला जायचे असेल तर तरुणांनी जावे. सत्तरी ओलांडलेल्यांनी जयंती आपल्या गावच्या देवळात करावी आणि नंतरच्या आठवड्यात निघावे, गर्दी ओसरलेली असते आणि थंडी टिकून असते.

पाचव्या दिवशी कुरवपूर. गुलबर्गा-यादगीरवरून मक्तलकडे, 200 किलोमीटरच्या आत-बाहेर. या टापूत रस्त्यावरच धान्य वाळत घातलेले असते, सावकाश जावे. इथे गंमत अशी की गाडी तेलंगणात पंचदेव पहाडापाशी थांबते, समोर कृष्णेचे पात्र, आणि पाण्यातले बेट कर्नाटकात. नावेचे पाण्यावर अवलंबून असते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारून निघावे आणि अलीकडच्या काठावर किंवा रायचूरला रात्रीची सोय लावून ठेवावी. बेटावर श्रीपाद श्रीवल्लभांचे स्थान आहे, विशाल वटवृक्ष आहे, आणि टेंबे स्वामी जिथे बसत ती गुहा आहे. 1911 चा चातुर्मास स्वामींनी इथे केला आणि घोरकष्टोद्धारण स्तोत्र इथेच झाले. आपल्यापैकी अनेकजण रोज संध्याकाळी ते म्हणतो. जिथे ते उमटले तिथे एकदा बसून म्हणावे. त्यासाठी दहा मिनिटे पुरत नाहीत, म्हणून या दिवशी पुढचे काहीही ठरवू नये.

कुरवपूरहून परतताना गुलबर्गा आणि हुमनाबादवरून माणिकनगर घ्यावे. या वाटेवर जाताना मला नेहमी त्या रजकाची आठवण होते. कुरवपुरी श्रीपादांना रोज दंडवत घालणारा परीट. एकदा त्याने राजाचे वैभव पाहिले आणि मनात इच्छा आली. श्रीपादांनी ती पुरवली, पण पुढच्या जन्मी. तो बिदरला यवन राजा झाला, मांडीला फोड आला, आणि उपाय शोधत गाणगापुरी श्रीगुरूंपुढे येऊन उभा राहिला तेव्हा त्याला मागचे सगळे आठवले. कुरवपूर, बिदर, गाणगापूर ही तीन गावे आपण मोटारीने एक-दोन दिवसांत फिरतो. त्याला त्यासाठी एक मरण आणि एक जन्म लागला. माणिकनगरहून बिदर जवळ आहे, पाय धड असतील तर तिथला किल्ला पाहून यावा.

शेवटी अक्कलकोट. स्वामींचे वटवृक्ष मंदिर, अन्नछत्रातला प्रसाद, एक रात्र, आणि मग सोलापूरवरून घरी. सगळी फेरी चौदाशे किलोमीटरच्या आत बसते. त्याला नऊ दिवस लागतात. मुलगा म्हणेल, मला नऊ दिवस रजा नाही. मग दोन फेऱ्या कराव्यात. यंदा औदुंबर-वाडी, पुढच्या वर्षी अक्कलकोट-गाणगापूर. ‘पुढचं वर्ष कुणी पाहिलंय’ हे आपल्या वयात मनात येतेच, मी ते नाकारत नाही. पण तेवढ्या भीतीने सहा स्थाने चार दिवसांत कोंबली तर सहाही ठिकाणी आपण घड्याळाकडे पाहत उभे असतो.

पिठापूर या फेरीत जोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हैदराबादपासूनच ते 500 किलोमीटरच्या घरात आहे. गुडघे आणि पाठ यांचा विचार केला तर सामलकोटपर्यंत रेल्वेने जावे, तिथून पिठापूर जवळ आहे. दोन-तीन दिवस तिथेच राहून श्रीपादांचे जन्मस्थान, कुक्कुटेश्वर आणि पादगया निवांत करावे. श्रीशैलही निराळेच ठेवावे. नल्लमलाच्या जंगलातला तो रस्ता रात्री बंद ठेवतात, त्यामुळे ‘रात्रीतून पोहोचू’ हा हिशेब तिथे चालत नाही.

गाडी भाड्याची असेल तर चालकाकडे लक्ष असू द्यावे. आपण भक्तनिवासात आणि तो गाडीत पाय दुमडून, असे पुष्कळदा होते. त्याची खोली आपल्या खोलीबरोबरच ठरवा आणि त्याला आपल्या पंगतीत बसवा. पहाटेच्या आरतीला आपण उठलो तरी त्याला उठवू नका. दिवसभर चौघांचा जीव त्याच्या हातात आहे.

आता जे येऊ शकत नाहीत त्यांच्याविषयी. प्रत्येक घरात असे एक माणूस असते. नव्वदीची सासू, अंथरुणाला खिळलेला भाऊ, किंवा त्यांच्यापाशी थांबणारी सून. आपण निघताना ते दारात किंवा खाटेवरून हात जोडतात आणि म्हणतात, ‘माझाही नमस्कार सांगा.’ गुरुचरित्रातला तो विणकर आठवा. घरची सगळी माणसे शिवरात्रीला श्रीशैलाला निघाली, हा गेला नाही. म्हणाला, माझे श्रीशैल इथेच, श्रीगुरूंच्या चरणांशी. सगळे त्याला हसले. पुढे शिवरात्रीच्या दिवशी श्रीगुरूंनी त्याला पादुका घट्ट धरायला आणि डोळे मिटायला सांगितले, आणि डोळे उघडले तेव्हा तो श्रीशैलावर होता. लिंगात त्याला आपले गुरूच दिसले. गावची माणसे तिथे भेटली, ‘कधी आलास?’ म्हणून विचारू लागली, आणि त्याच्या उत्तरावर कुणाचा विश्वास बसेना. पण गुरूंनी मग त्याला त्या क्षेत्राचा महिमाही सांगितला, मागे राहिलेल्याच्या मनात जाणाऱ्यांविषयी उणेपणा राहू नये म्हणून.

तेव्हा निघण्याआधी एक संध्याकाळ या घरी राहणाऱ्या माणसापाशी बसावे. नकाशा त्यांच्यासमोर उघडावा. त्यांच्या तरुणपणी ते कुठे गेले होते, वाडीला कुठल्या घरी उतरले होते, हे विचारावे. कित्येकदा त्यातून आपल्याला एखादे ठिकाण नव्याने कळते. वाटेत आरतीच्या वेळी त्यांना फोन लावून कानाशी धरायला सांगावे, बोलायची गरज नाही. आणि त्यांच्याजवळ थांबणाऱ्या सुनेला पुढच्या फेरीत पाठवायचे हे निघतानाच ठरवावे. त्या आठवड्यात अंथरुणापाशी कोण बसेल त्याचे नावही तेव्हाच त्याच कागदावर लिहावे. बहुतेक घरांत ते नाव बाबांचेच असायला हरकत नाही.